ठोकळ्यांवरची गाडी

दादा गाडीत गेला नाही. हे आधीच सांगते, कारण त्या गाडीचं नाव निघालं की लोक तसंच धरून चालतात आणि मान हलवायला लागतात. तो तापाने गेला. दौंडच्या दवाखान्यात नेला तेव्हा तो बोलत होता, चार दिवसांनी आणला तेव्हा बोलत नव्हता. त्या वेळी गाडी आमच्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिला चाकं नव्हती, खालचे शॉकअप काढलेले होते, आणि ती कुठंच जाण्यासारखी नव्हती. दादाला अंगणात ठेवलं तेव्हा जागा पुरेना. बायकांना गाडीच्या कडेनं अंग चोरून जावं लागत होतं, आणि कुणाचा तरी पदर तिच्या उघड्या लोखंडात अडकला होता. तो मी सोडवला. त्या दिवसाचं मला नीट आठवतं ते एवढंच.

वरवंड आणि पाटसच्या मधे, डांबरीपासून आत, उसाच्या मधोमध आमची वस्ती. आई मी लहान असतानाच गेली होती. घर आत्या चालवायची. आबा, म्हणजे आमचे वडील, साखर कारखान्यात फिटर होते, ऊस पिळायच्या गिरणीवर. हंगाम सुरू झाला की त्यांच्या कपड्यांना रसाचा आंबूस वास यायचा आणि घरातली वेळ भोंग्यावर चालायची. दादा शिरूरकडच्या एका कंपनीत टूलरूमला होता. तिथल्याच कुणाच्या ओळखीने त्याने पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून ही गाडी घेतली. लाल, परदेशी, दोन दारांची, पुढून थोडी चेपलेली. ट्रेलरवर टाकून ती वस्तीवर आणली तेव्हा उसाच्या टोळीतली माणसंसुद्धा कोयते खाली ठेवून बघायला आली. ती जमिनीला इतकी लागून होती की तिला पहिल्याच दिवशी घोरपड हे नाव पडलं आणि ते शेवटपर्यंत राहिलं.

"इलास, आरं दोनच मानसं बसत्यात हिच्यात," शेजारचे तात्या म्हणाले होते. "मग आत्याबाईला टपावर बसवनार का?"

"टपावर न्हाई, तात्या. बॉनेटवर," दादा म्हणाला. "देवी म्हनून पुढं."

आत्याने त्याला चुलीतलं लाकूड दाखवलं होतं. हसू तिलाही आवरलं नव्हतं.

त्याला ती गाडी पुण्याजवळच्या एका माळावर शर्यतीत पळवायची होती. त्यासाठी त्याने मुंबईहून सामान मागवलं. निळ्या, आखूड, जाड स्प्रिंगा, नवे शॉकअप, सांध्यांत बसवायचे नवे रबरी बुश, आणि दोन लोखंडी दांडे. एक दांडा गाडीच्या पोटाखाली लावायचा आणि दुसरा पुढे, इंजिनाच्या वरून, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. खोकी आमच्या पलंगाखाली ठेवलेली होती आणि घरभर नव्या रबराचा वास होता. मी विचारलं, गाडी मुळात लोखंडाची, तिला आणखी दांडे कशाला? तेव्हा त्याने अंगणातली जुनी बाज ओढली, मला एका कोपऱ्यावर बसवलं आणि समोरचा पाय कसा उचलला जातो ते दाखवलं. मग एक वासा घेऊन बाजेच्या खालून तिरका बांधला. "आता बस." पाय उचलला नाही. "वळणावर गाडीचं अंग असंच पिळतं," तो म्हणाला. "पिळलं न्हाई म्हंजी चाक जमीन सोडत न्हाई." तो वासा त्या बाजेला पुढे कितीतरी वर्षं तसाच होता. आत्या म्हणायची, त्यानं पाठीला रुततं, पण सोडू कुणाला दिला नाही.

वहिनी नदीपलीकडची, मांडवगण फराट्याची. नाव सुनंदा. दादा कामावरून आला की ती त्याच्या हाताखाली असायची. पाने द्यायची, दिवा धरायची, आणि आबा घरात नसले की स्वतः खाली सरकून बोल्ट फिरवायची. गाडी चालवायलाही त्यानेच तिला शिकवलं, जुनी जीप मागून आणून, कारखान्याच्या मोकळ्या मैदानात, हंगाम नसताना. आबा असले की मात्र ती पदर डोक्यावर घेऊन आत. आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. राग नव्हता, भीती नव्हती, रीत होती. तिला काही सांगायचं झालं की ती मला सांगे आणि मी आबांना. आबा तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत, त्यांनी सगळं ऐकलेलं असे, तरी मी पुन्हा सांगत असे. "वन्सं, मामांना म्हनावं चहा निवतोय." "आबा, चहा निवतोय." "तिला सांग, पिलो." लग्न होऊन आल्यापासून ती एकदाही त्यांच्याशी थेट बोलली नव्हती आणि त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. मी कॉलेजात दौंडला जायचे, ग्रंथालयातली पुस्तकं आणून वाचायचे, आणि घरी या दोघांची टपालवाली होते.

दादा गेल्यावर टपालही थांबलं. भावकीने कडू घास आणला, पिठलं-भाकरी, ते आम्ही खाल्लं. सुतक फिटलं, पाहुणे गेले. मला वाटत होतं की आता काहीतरी होईल, आतून काहीतरी येईल, पण काही येत नव्हतं. मी पुस्तक उघडून बसायचे, पानं उलटायचे, आणि संध्याकाळी लक्षात यायचं की काय वाचलं ते माहीत नाही. आबा पाळीला जायचे, यायचे, हात धुवायचे. मग एकदा तात्यांची बायको दुपारी आली, आत्याने तिला आमटी-भाकरी वाढली. एक घास घेऊन ती थांबली. "आत्याबाई, मीठ न्हाई वो हिच्यात." आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे. किती दिवस आत्या मीठ टाकायला विसरत होती, कोण जाणे. आम्ही चौघांनीही ती आमटी रोज खाल्ली होती.

हे मी आता लिहिते आहे त्यालाही कारण आहे. यंदा वहिनी गेली. शिरूरहून फोन आला, मी गेले, आले. परवा माझ्या मुलीने जेवताना ताट थोडं सरकवलं आणि हळूच विचारलं, "आई, मीठ?" तेव्हा वही काढली.

सुतक फिटून थोडे दिवस झाल्यावर वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. भला माणूस, मोठ्या आवाजाचा. मूलबाळ नव्हतं, वय लहान, तिकडे आईवडील वाट बघत होते. त्याचं काही चूक नव्हतं. आबा बाजेवर बसून ऐकत होते. वहिनी दाराच्या आतून म्हणाली, "अण्णा, गाडी ठोकळ्यांवरनं खाली उतरू द्या. चारी चाकांवर उभी ऱ्हायली की येते."

"आगं, गाडीचं काय बाळंतपण हाय का, थांबून करायला?"

"तसंच समजा."

अण्णा आबांकडे बघत राहिला. मग त्याने टोपी घातली. "बरं. गुऱ्हाळाचं काम उरकलं की येतो," म्हणाला आणि गेला.

म्हणजे गाडी उभी राहिली की वहिनी जाणार, हे त्या दिवशी ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पदर खोचला, पलंगाखालची खोकी ओढली, आणि मी काही न विचारता दुसऱ्या टोकाला हात लावला. ती जाऊ नये असं मला वाटत होतं का? वाटत असणार. पण तेव्हा ते मला ऐकू येत नव्हतं. हाताला काम होतं, आणि काम सांगणारी व्यक्ती होती. एवढं पुष्कळ होतं.

जुने बुश दाबून काढणं, नवे बसवणं, हे आम्ही दोघींनी केलं. ती सांगत होती ते दादाच्या शब्दांत सांगत होती. "हे म्हनायचे, आधी ग्रीस." "हे म्हनायचे, ठोकायचं न्हाई, समजूत काढायची." पण स्प्रिंगपाशी अडलं. स्प्रिंग दोन लोखंडी आकड्यांत धरून दाबायची, मगच ती शॉकअपवर बसते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जबडा नेते. पहिल्यांदा आकडा सरकला, दुसऱ्यांदाही सरकला. तिसऱ्यांदा माझ्या हातातला पाना कुणीतरी काढून घेतला. आबा पाळीवरून आले होते. त्यांनी हात धुतले नव्हते. माझ्या जागी ते उकिडवे बसले, आकडे पुन्हा लावले आणि एकेक आटा फिरवत स्प्रिंग अशी दाबत आणली की ती जणू त्यांचंच ऐकत होती. वहिनी मागे सरकली, पदर डोक्यावर घेतला, पण आत गेली नाही.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही तिघं अंगणात. एकेक कोपरा पुरा झाला की तिथलं चाक परत चढायचं. एका चाकाच्या या बाजूला आबा आडवे, त्या बाजूला वहिनी, मधे वीतभर लोखंड, आणि उशाशी मी उभी.

"वन्सं, मामांना म्हनावं सतराचा पाना द्या."

"आबा, सतराचा."

"तिला सांग, सतराचा बसनार न्हाई. एकोनीसचा घे."

"वहिनी, एकोणीसचा."

"ऐकलं."

आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेली असायची. एकदा म्हणाली, "ह्या पोरीला मधनं काढा आन् तिथं कारखान्याचा भोंगा बसवा. तेवढंच काम हाय तिचं." तेव्हा आबांच्या तोंडून श्वासासारखं काहीतरी निघालं. हसू होतं की खोकला, मला कळलं नाही. बाहेर रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जात होते, एकामागे दोन-दोन ट्रेलर, मोठ्याने लावलेली गाणी आमच्यापर्यंत अर्धी पोचायची आणि पुढे निघून जायची. मळीचा गोडसर जड वास हवेत कायमचा. मला अजूनही तो वास आला की हातात पाना असल्यासारखा अंगठा वळतो.

आबांचा एक नियम होता. गिरणीवर त्यांची उमर गेली होती आणि तिथे ते पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे, ढिला बोल्ट माणूस खातो. म्हणून ते प्रत्येक बोल्ट बसवला की तिथल्या तिथे पूर्ण आवळायचे, पान्याच्या दांडीवर पाय देऊन, आणि वरून खडूची रेघ मारायचे. गाडी ठोकळ्यांवर, चाकं हवेत लोंबलेली, आणि बुशांचे बोल्ट एकेक करून गच्च. पहिला बोल्ट आवळताना मी वहिनीचा चेहरा पाहिला. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी विचारलं, "काही सांगायचंय का आबांना?" ती म्हणाली, "न्हाई. राहू द्या." चहा निवतोय हे माझ्याकरवी सांगता येत होतं. सासऱ्याने आयुष्यभर जे केलं ते इथे चुकतंय, हे कुणाकरवी सांगायचं? आणि मुलगा जाऊन महिना होत आलेल्या माणसाला?

अण्णा पुन्हा आला त्याच दिवशी गाडी उतरवायची होती. तो बाजेवर बसला, त्याच्या हातात चहा. आबांनी कारखान्यातून आणलेला मोठा जॅक लावला, एकेक ठोकळा मी ओढून काढला. गाडी जमिनीला लागली आणि उभी राहिली. पण ती घोरपडीसारखी बसली नाही. उंच, ताठ, नव्याने उभ्या राहिलेल्या वासरासारखी, आणि एका खांद्याला वर. अण्णा म्हणाला, "झालं! उभी ऱ्हायली. सुनंदे, पिशवी भर." आत्याने पाट्यावर हात टेकला आणि उठली.

एक काम उरलं होतं, इंजिनावरचा दांडा. आबांनी तो गाडीच्या दोन खांद्यांवर ठेवला. एका बाजूची भोकं जुळली, दुसऱ्या बाजूची अर्ध्या बोल्टाने चुकली. त्यांनी उलटा करून पाहिला. मग सुलटा. मग म्हणाले, "भोक वाढवतो," आणि पेटीतून गोल कानस काढली. दादाने तो दांडा आल्या दिवशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्यावर एक ओरखडा नव्हता. आबांनी दांडा मांडीवर आडवा घेतला आणि कानस भोकात घातली.

"मामा."

मी वळून पाहिलं, कारण मला वाटलं नेहमीसारखा निरोप माझ्याकडेच येतोय. वहिनी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. पदर डोक्यावर होता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मामा, कानस नका लावू. दांडा बरोबर हाय. खालचे बोल्ट हवेत आवळलेत."

आत्या जागच्या जागी थांबली. अण्णाने कप खाली ठेवला. आबांनी मान वर केली, आणि सवयीने आधी माझ्याकडे पाहिलं. सांगायला माझ्याकडे काही नव्हतंच, ते सांगून झालं होतं.

"मग?" ते तिला म्हणाले.

"चाक लोंबत असताना आवळलं की रबर तिथंच धरून बसतं. गाडी खाली आली तरी त्याला वाटतं आपन अजून हवेतच हाय. म्हनून ती बसंना. सगळे ढिले करा. तिचं वजन तिच्यावर पडू द्या. मग आवळा."

"ढिले? सगळे?"

"व्हय. हे म्हनायचे."

आबांनी खाली पाहिलं. मांडीवर दांडा, भोकात कानस. मला वाटतं, त्या क्षणी घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की आता ते चिडू शकतात, आणि चिडले तर ती आजच जाईल आणि पुन्हा या अंगणात येणार नाही. अण्णा तर उठूनही उभा राहिला होता. मग आबांनी कानस काढली, पेटीत ठेवली आणि म्हणाले, "फळ्या आन."

मी फळ्या आणल्या. चारी चाकांखाली सरकवून गाडी थोडी उंच घेतली, तिचं वजन चाकांवरच ठेवून, म्हणजे खाली माणूस शिरेल. आबा पाठीवर सरकत आत गेले. आम्हाला त्यांचे फक्त पाय दिसत होते, भेगाळलेल्या टाचा आणि कारखान्याच्या रसाने पिवळी पडलेली नखं. आपल्याच खडूच्या रेघा मोडत त्यांनी एकेक बोल्ट सोडला. शेवटचा सुटला तेव्हा गाडीने आवाज केला. मोठा नाही. दिवसभर ओझं वाहून आलेली बाई पाटी उतरवून ओट्याला टेकते, तसा. आणि ती खाली बसली, एकदम नाही, हळूहळू, आधी मागून, मग पुढून, तो वर राहिलेला खांदाही. चाकं मडगार्डच्या आत गेली. घोरपड झाली.

आबा खालून लगेच बाहेर आले नाहीत. पाना हलत नव्हता. पायाची बोटं वळलेली होती आणि तशीच राहिली. कुणी हाक मारली नाही. आत्याने चहाचा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. मी वाट बघत होते की आता मलाही काही होईल, पण मला काही झालं नाही. मी त्यांच्या टाचा बघत राहिले. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "बसली का गं?" कुणाला विचारलं ते कळत नव्हतं. वहिनी म्हणाली, "बसली, मामा. आता आवळा."

दांडा हाताने ठेवला तसा बसला.

पुढचं लवकर झालं. अण्णा म्हणाला, गाडी राहू दे इथं, माझ्या जीपमधनं चल. आबा हात पुसत म्हणाले, "गाडी तिची हाय. ती घिऊन जाईल." अण्णाने लोकांचं काहीतरी काढलं, नुकतीच विधवा झालेली पोर असली गाडी घेऊन गावात शिरली तर. "लोकांनी बाजूला व्हायचं," आत्या म्हणाली, "न्हाईतर गाडीखाली येत्याल." वहिनीने पिशवी मागच्या जागेत ठेवली. कपडे थोडे होते, पाने जास्त. पुढे तिने शिरूरला बायकांना गाडी शिकवायचा वर्ग काढला, वीस-बावीस वर्षं चालवला. तिथे तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका यंदा तिच्या दारात उन्हात उभ्या होत्या. घोरपड मात्र त्याच्या आधीच कधीतरी विकली गेली होती. कुणाला, मी विचारलं नाही.

पण त्या दिवशी ती वस्तीतूनच निघेना. इतकी खाली बसली होती की आमच्या दारासमोरची पाण्याची चारीसुद्धा तिला ओलांडता येईना, आणि पुढे डांबरीपर्यंतचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी पार खोदून ठेवलेला. मधला उंचवटा तिच्या पोटाला घासला असता. हे दादालाही सुचलं नसावं. शर्यतीच्या मैदानाचा विचार त्याने केला होता, आमच्या वाटेचा नाही. मग आबांनी रुतलेल्या चाकोऱ्यांत उसाचं पाचट भरलं, वरून दोन फळ्या टाकल्या, आणि गाडीपुढे उलटं चालायला लागले, दोन्ही हात वर करून, कारखान्यात ट्रेलर मागे घेणाऱ्याला दाखवतात तसे. डावीकडे. थोडं. बास. येऊ दे. गाडी फळ्यांवरून पुढे सरकली की मी मागच्या फळ्या उचलायच्या, पळत पुढे न्यायच्या आणि पुन्हा टाकायच्या. अण्णाची जीप मागून हळूहळू येत होती. टोळीतली माणसं उभी राहून बघत होती, पण त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. काच खाली होती आणि वहिनी आबांच्या हातांवरून नजर काढत नव्हती. पदर खांद्यावर आला होता. तिने तो वर घेतला नाही.

डांबरी आली. चारही चाकं वर चढली. आबा बाजूला झाले आणि काचेपाशी वाकले.

"येते, मामा," ती म्हणाली.

"सावकाश जा, सुनंदा," आबा म्हणाले. "पुलावर खड्डं हायेत."

मी त्यांच्या शेजारी फळी धरून उभी होते. दोघांपैकी कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.